तिच्या खात्यावरून जाहिरात: चटणीच्या धंद्याला परवडते का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे तुमच्यासारखा धंदा करणाऱ्या इतरांनाही पुढचं उत्तर लावून बघता येईल.

तुम्ही कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात घरीच कांदा-लसूण चटणी आणि तांबड्या रश्श्याचा मसाला करता. ऑर्डर इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि एका छोट्या वेबसाइटवरून येतात. गावातल्या, खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणाऱ्या एका मुलीला ८,००० रुपये देऊन तुम्ही रील करून घेतली. तीन लाखांवर व्ह्यूज आले, 'नाद खुळा', 'जगात भारी' अशा कॉमेंटांचा पाऊस पडला आणि ऑर्डर आल्या अकरा. आता एक एजन्सी म्हणते की हीच रील त्या मुलीच्या खात्यावरून पैसे लावून चालवा, तिचे फॉलोअर्स तुमचे गिऱ्हाईक होतील. त्यासाठी मुलगी महिन्याला १५,००० मागते आणि एजन्सीची फी वेगळी. हे करावं का, आणि करायचं तर कसं?

मी राजारामपुरीत बसून बरीच वर्षं हेच काम करतोय. मसालेवाले, गुजरीतले सराफ, इचलकरंजीचं कापड, चप्पलवाले, क्लासेस, सगळ्यांच्या जाहिराती चालवल्या आहेत. तुम्हाला सरळ सांगतो: करा. पण १५,००० देऊन करू नका, आणि एजन्सी जे कारण देतेय ते मनातून काढून टाका. तिचे फॉलोअर्स तुमचे गिऱ्हाईक होणार नाहीत. रीलला अकराच ऑर्डर आल्या, त्याचं कारणही हेच आहे.

त्या मुलीला तिच्या खात्याचे इनसाइट्स, म्हणजे बघणाऱ्यांची आकडेवारी मागा. बघणारे कोणत्या शहरांतले ते सांगणारा भाग असतो, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. बहुतेक तिथं कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली अशीच नावं वर दिसतील. आता या लोकांच्या घरी काय असतं? उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या आणून, उन्हात वाळवून, डंकावर कुटून आणलेली वर्षाची चटणी. ज्याच्या घरी आईच्या हातची बरणी भरलेली आहे, तो तुमची रील बघून खूश होईल, मित्राला पाठवेल, 'भावा, तोंडाला पाणी सुटलं' असं लिहील, पण चटणी मागवणार नाही. त्यात रील वाईट असल्याचा किंवा मुलीचा काही दोष नाही. माल जिथं घराघरात आहे, तिथंच तो दाखवला गेला, एवढंच.

तुमचं खरं गिऱ्हाईक हिंजवडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतं, ठाण्यात, नवी मुंबईत नोकरी करतं. गावाकडून आणलेली चटणी ज्यांची संपलेली आहे, आणि दुकानातलं लाल पाकीट ज्यांच्या जिभेला पटत नाही, अशी ही माणसं. या लोकांनी त्या मुलीचं नावही ऐकलेलं नसेल. तिच्या खात्यावरून जाहिरात चालवण्याचा खरा उपयोग इथं आहे. तिचा चेहरा, तिची बोली आणि गावच्या लोकांनी खाली दिलेली दाद, हे सगळं उचलून पैशाच्या जोरावर त्या परगावच्या माणसाच्या मोबाइलवर नेता येतं. विकत घ्यायचं ते हे.

आता ही भानगड नेमकी काय आहे ते बघू, कारण याला इतकी नावं आहेत की लोक गोंधळतात. धंद्यातली जुनी मंडळी 'व्हाइटलिस्टिंग' म्हणतात. इन्स्टाग्राम-फेसबुकची कंपनी मेटा पूर्वी 'ब्रँडेड कंटेंट ॲड' म्हणायचं, २०२३ पासून 'पार्टनरशिप ॲड' म्हणतं. इंटरनेटवर 'स्पार्क ॲड' या नावानं पुष्कळ माहिती सापडेल, ती टिकटॉकची आहे. टिकटॉकवर आपल्याकडे २९ जून २०२० पासून बंदी असल्यामुळे ती वाचण्यात वेळ घालवू नका. यूट्यूबवरही क्रिएटरचा व्हिडिओ आपल्या गूगल ॲड्स खात्याशी जोडून चालवता येतो, पण तुमच्या आकाराच्या धंद्यानं सुरुवात इन्स्टाग्रामवरच करावी.

पार्टनरशिप ॲडमध्ये पैसे तुमच्या ॲड अकाउंटमधून जातात. कुणाला दाखवायची, किती खर्च करायचा, बटण दाबल्यावर कुठं न्यायचं, हे तुम्ही ठरवता. बघणाऱ्याला मात्र वर तिचं नाव आणि फोटो दिसतो, जोडीला तुमच्या ब्रँडचं नाव आणि 'प्रायोजित' अशी खूण. अनोळखी मसाल्याच्या कंपनीचा लोगो दिसला की अंगठा पुढं सरकतो. माणसाचा चेहरा दिसला आणि 'आज बावड्यात एका काकूंच्या घरी आलोय' असं ऐकू आलं की तो क्षणभर थांबतो. पहिल्या तीन सेकंदांत जो थांबला त्यालाच पुढचं दिसतं, म्हणून त्या थांबण्याला किंमत आहे.

पण किती किंमत? इथं बहुतेक लोक अंदाजानं बोलतात आणि मला त्याचा राग येतो, कारण हे मोजता येतं. मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे जिथून जाहिरात लावतात तिथं, ए/बी टेस्टची सोय आहे. तोच व्हिडिओ, तीच शहरं, तेवढाच रोजचा खर्च, फक्त एकीकडे जाहिरात तुमच्या पेजच्या नावानं आणि दुसरीकडे तिच्या नावासह. मेटा लोकांचे दोन वेगळे गट करतं, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी दाखवतं. दोन आठवडे हात न लावता चालू द्या. तिच्या नावाची जाहिरात स्पष्टपणे स्वस्तात ऑर्डर आणत असेल, तर तिच्या खात्याचे पैसे द्या. फरक नगण्य असेल, तर खातं सोडून द्या आणि तिच्याकडून फक्त व्हिडिओ वापरायचा हक्क घ्या. तो खूप स्वस्त पडतो. माझ्या कामात दोन्ही प्रकार झालेले आहेत. खाण्याच्या वस्तूंत आणि जिथं माणूस चव घेऊन दाखवतो तिथं चेहऱ्याचं नाव उपयोगी पडतं. क्लासेस, सोलर, फर्निचर अशा ठिकाणी व्हिडिओच काम करतो, वर कुणाचं नाव आहे यानं फारसं बिघडत नाही.

आता पैशाकडे येऊ. तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून उदाहरणाचे आकडे घेतो, तुम्ही त्यात तुमचे घाला. समजा सरासरी ऑर्डर ७०० रुपयांची आहे. मिरची, खोबरं, लसूण, तीळ, मजुरी, पाऊच आणि खोका मिळून ३२० गेले. कुरिअरचे ९०. उरले २९०. कॅश ऑन डिलिव्हरीची काही पार्सलं परत येतात, त्याचा जाण्यायेण्याचा भुर्दंड सगळ्या ऑर्डरवर वाटला तर ४० रुपये धरा. म्हणजे एका ऑर्डरमागे जाहिरातीवर जास्तीत जास्त २५० रुपये घालता येतात, तेही नफा शून्य धरून.

रोज ६०० रुपये लावले तर महिन्याचे १८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर तो कर वजा करून मिळतो, नसेल तर तो खर्चच आहे. एवढ्यात १२० ऑर्डर आल्या तर एका ऑर्डरला १७७ रुपये पडले. इथपर्यंत ठीक. आता त्या मुलीचे १५,००० मिळवा. प्रत्येक ऑर्डरवर १२५ रुपये वाढले, बेरीज ३०२, आणि तुमचं प्रत्येक पार्सल ५२ रुपये तोट्यात गेलं. अजून एजन्सीची फी धरलेलीच नाही. त्या मुलीला १५,००० ऐवजी ५,००० दिले तर ऑर्डरमागे ४२ रुपये, एकूण २१९, म्हणजे थोडे का होईना हातात राहिले.

हेच तुम्ही महिन्याला ६०,००० लावत असता आणि त्याच दरानं ४०० ऑर्डर येत असत्या, तर १५,००० चा भार ऑर्डरमागे चाळिसाच्याही आतच बसला असता. म्हणून तिचा आकडा मुळात चूक किंवा बरोबर असा नसतो. तो तुमच्या जाहिरात खर्चाच्या मानानं किती मोठा आहे ते बघायचं. मी लहान धंद्यांना सांगतो की खात्याची फी जाहिरात खर्चाच्या २० ते २५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. तिच्याशी बोलणीही त्याच भाषेत करा: 'दर महिन्याला जेवढा खर्च होईल त्याच्या पंचवीस टक्के तुला, आणि कमीत कमी ३,००० नक्की.' खर्च वाढला की तिचेही वाढतात, त्यामुळे तिलाही तुमची जाहिरात चालावी असं मनापासून वाटतं. बोलणी करताना तुमच्या बाजूचा आणखी एक मुद्दा लक्षात ठेवा. जाहिरातीत तिच्या नावावर बोट ठेवलं की माणूस तिच्या प्रोफाइलवर जातो. तुमच्या पैशानं पुण्या-मुंबईत तिचे नवे फॉलोअर्स तयार होतात. हे तिला प्रेमानं पण स्पष्ट सांगा.

चटणीची एक जमेची बाजू म्हणजे ती संपते. एकदा चव पटली की तोच माणूस दोन-तीन महिन्यांनी परत मागवतो आणि तेव्हा जाहिरातीचा खर्च लागत नाही. म्हणून पहिल्या ऑर्डरवर थोडा तोटा सोसायला हरकत नाही, असं कुणी म्हणेल. ते खरं आहे, पण आधी तुमच्या जुन्या वहीत बघा की किती गिऱ्हाइकं खरोखर परत आली. वही नसेल तर आजपासून ठेवा. परत येणारं गिऱ्हाईक गृहीत धरून तोट्यात जाहिरात चालवणं घरगुती धंद्याला झेपत नाही, भांडवल पहिल्या दोन महिन्यांतच अडकतं.

खर्च कमी असल्याचा आणखी एक परिणाम सांगतो. मेटाच्या यंत्रणेला शिकायला एका ॲड सेटमागे, म्हणजे एका प्रेक्षकगटाला दाखवायच्या जाहिरातींच्या संचामागे, आठवड्याला साधारण ५० परिणाम लागतात. तुम्ही 'खरेदी' हा परिणाम निवडला आणि आठवड्याला तीसेक ऑर्डर आल्या, तर ती शिकण्याच्या टप्प्यातच अडकून राहते आणि दर वरखाली उड्या मारतो. यावर उपाय म्हणजे तुकडे करू नका. पुणे वेगळं, मुंबई वेगळी, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे असे पाच ॲड सेट करण्याची लोकांना हौस असते. तुम्ही एकच ठेवा. आणि वर सांगितलेली दोन गटांची चाचणी ऑर्डरवर न जोखता 'कार्टमध्ये टाकलं' यावर जोखा, तो आकडा लवकर जमतो.

परवानगी घ्यायची रीत सोपी आहे. तिचं खातं प्रोफेशनल, म्हणजे क्रिएटर किंवा बिझनेस प्रकारचं हवं. तुमचं इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेज तुमच्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे मेटावरच्या तुमच्या धंद्याच्या मुख्य खात्यात, जोडलेलं हवं. रीलवर तिनं 'पेड पार्टनरशिप'ची खूण लावून तुमचं नाव जोडायचं आणि त्या रीलसाठी पार्टनरशिप ॲड कोड काढून तुम्हाला पाठवायचा. ॲड्स मॅनेजरमध्ये जाहिरात बनवताना पार्टनरशिप ॲडचा पर्याय चालू करून तो कोड टाकला की काम झालं. दुसरी रीत म्हणजे ती तुमच्या ब्रँडला खात्याच्या पातळीवर परवानगी देते आणि तुम्हाला प्रत्येक रीलसाठी कोड मागावा लागत नाही. पहिल्यांदा काम करताना कोडचीच रीत बरी, दोघांनाही मर्यादा कळते. मेनूमधल्या पर्यायांच्या जागा अधूनमधून बदलतात, म्हणून जुन्या व्हिडिओत दाखवलेलं बटण सापडलं नाही तर घाबरू नका.

तिचा पासवर्ड मात्र कधीही मागू नका, आणि एजन्सी मागत असेल तर थांबवा. 'आयडी-पासवर्ड पाठव, ओटीपी सांग, मी लावतो' असा प्रकार आपल्याकडे अजून सर्रास चालतो. एखाद्या पोरीनं तीन-चार वर्षं राबून उभं केलेलं खातं दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडं ठेवायची काही गरज नाही. कोडची सोय त्यासाठीच केलेली आहे.

उलट बाजूचाही एक प्रकार चालतो: 'तुम्ही पैसे द्या, मीच बूस्ट मारते.' हेही नको. तिनं तिच्या खात्यातून बूस्ट केलं, म्हणजे पोस्टवरचंच बटण दाबून पैसे लावले, की पैसे कुठं गेले, कुणी बघितलं, कुणी वेबसाइटवर येऊन परत गेलं, यातलं काहीच तुमच्याकडे राहत नाही. बूस्टमधून बहुधा प्रोफाइल भेटी आणि लाइक मिळतात, तुम्हाला ऑर्डर हव्यात. तुमच्या वेबसाइटवर मेटाचा पिक्सेल, म्हणजे कोण आलं आणि काय केलं ते टिपणारा छोटा प्रोग्राम, बसवलेला असला पाहिजे आणि जाहिरात तुमच्याच खात्यातून गेली पाहिजे, तरच पुढच्या महिन्याला आधीच्या महिन्याची शिकवण कामी येते. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ऑर्डरसाठी जाहिरातीत एक वेगळा कूपन शब्द द्या आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला 'कुठं बघितलंत?' असं विचारून वहीत टीप करा. यंत्रणेचा आकडा आणि वहीचा आकडा जुळणार नाही, पण दोन्ही शेजारी ठेवले की खरं काय ते समजतं.

आता तुमची सध्याची रील. तुम्ही लिंक पाठवली होती, मी बघितली. मागं गाजलेलं गाणं लावलंय. ती जशी आहे तशी जाहिरात म्हणून चालणार नाही. हक्क राखीव असलेलं संगीत असलेली पोस्ट मेटा जाहिरातीसाठी घेत नाही. रोजच्या रीलमध्ये ते गाणं चालतं, पैसे लावले की अडतं, आणि लोकांना हे कोड टाकल्यावर कळतं. म्हणून नवा व्हिडिओ करून घ्या, त्यात तिचा आवाज आणि जागेवरचे आवाज एवढंच ठेवा. आणि खरं तर तुमच्याकडे गाण्याची गरज काय? डंकाचा ठोका, गरम तेलात चटणी पडल्यावरचा चर्र आवाज, भाकरी थापण्याचा आवाज. गाव सोडून दहा वर्षं झालेल्या माणसाला याहून जवळचं काही नाही. दुसऱ्या ॲपचा शिक्का असलेला व्हिडिओ, उचलून लावलेले स्टिकर टाळा. मोबाइल उभा धरून काढा, आणि अक्षरं अगदी वर किंवा तळाला लिहू नका, तिथं नाव आणि बटण येतं.

काय बोलायचं ते तिला पाठ करायला देऊ नका. तीन गोष्टी सांगा: चटणीत काय काय पडतं, किती दिवसांत घरी पोचते, आणि किंमत. बाकी तिच्या बोलीत तिला बोलू द्या. मुंबईकरांना समजणार नाही म्हणून तिला 'शुद्ध' बोलायला लावणारे ब्रँड मी बघितलेत, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं जाहिरातीचा जीव काढून घेतला. ती बोलीच तुमचं टार्गेटिंग आहे. 'काय मंडळी, जेवलासा का?' हे ऐकून ज्याचा अंगठा थांबला तो आपलाच माणूस. त्यामुळे आवडीनिवडींच्या बारीक चाळण्या लावत बसायची गरज उरत नाही. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे, नवी मुंबई घ्या, वय मोकळं ठेवा आणि कोल्हापूर जिल्हा वगळा. भाषेच्या चाळणीत 'मराठी' निवडू नका. ती चाळणी ॲप कोणत्या भाषेत वापरलं जातं हे बघते, आणि आपली बरीच माणसं मोबाइल इंग्रजीत ठेवतात. घरी अस्सल मराठी बोलणारा गिऱ्हाईक तुम्ही तिथंच गमावाल.

नवा व्हिडिओ तिनं आधी तिच्या खात्यावर साध्या रीलसारखा टाकावा, चार-पाच दिवस जाऊ द्यावेत, आणि मग तीच पोस्ट जाहिरातीत घ्यावी. गाववाल्यांच्या लाइक आणि कॉमेंट तिच्यासोबत जातात. पुण्यातल्या माणसानं खाली 'आमच्या गल्लीतल्या काकूंची चटणी, डोळे झाकून घ्या' असं वाचलं तर त्याचा विश्वास बसतो. ती दाद विकत मिळत नाही आणि खोटी टाकूही नका. कॉमेंटमध्ये 'किंमत?', 'पनवेलला येतं का?' असे प्रश्न येत राहतील. त्यांना उत्तर कोण देणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. ती मुलगी दुसऱ्या शूटवर असते आणि तुम्ही मिरच्या निवडत असता, तोवर विचारणारा निघून जातो.

करारावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळी भांडणं इथंच होतात आणि दोन्हीकडची माणसं आपलीच असतात. रील करण्याचे पैसे वेगळे, आणि ती रील जाहिरातीत वापरण्याचे पैसे वेगळे. हे शूटच्या आधी ठरवा. रील गाजल्यावर बोलायला गेलं की समोरच्यानं आकडा वाढवणं साहजिक आहे, तुमच्या बाबतीत तेच झालं. एका पानावर साध्या मराठीत लिहा: किती व्हिडिओ, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत जाहिरात चालणार, फक्त इन्स्टाग्राम की फेसबुकही. साठ सेकंदांचा व्हिडिओ कापून वीस सेकंदांचा करायची मुभा आहे का, आणि कापल्यावर तिला दाखवायचा का, तेही. न कापलेलं मूळ चित्रीकरण तुम्हाला मिळणार का, ते नक्की लिहा, कारण एकाच शूटमधून तीन-चार वेगळ्या सुरुवाती काढता येतात आणि पहिली सुरुवात थकली की दुसरी लावता येते. जाहिरात चालू असताना तिनं पोस्ट काढली किंवा परवानगी मागं घेतली तर जाहिरात बंद पडते, तेव्हा उरलेल्या दिवसांचे पैसे परत की नवा व्हिडिओ, हेही आत्ताच ठरवा. आणि त्या काळात तिनं दुसऱ्या चटणीची जाहिरात करायची नाही, असं एक वाक्य. 'दुसऱ्या कुठल्याही खाद्यपदार्थाची नाही' असं लिहून घेऊ नका. तिचं पोट त्यावर आहे.

मुदत तीन महिने ठेवा, पुढं वाढवायची तर त्याच दरानं. 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, सर्व हक्कांसह' असं छापील वाक्य काही एजन्सी करारात टाकतात. ते तुम्ही मागू नका. ही पोरं करवीर, कागल, पन्हाळ्याकडच्या गावांतून आलेली असतात, पहिल्या कमाईच्या आनंदात कागद न वाचता सही करतात, आणि दोन वर्षांनी मोठं काम मिळताना त्यांचा चेहरा अजून कुणाच्या तरी जाहिरातीत फिरत असतो. ज्याच्या विश्वासावर तुम्ही माल विकणार, त्याला असं बांधून ठेवणं मला पटत नाही.

तिला घेण्याआधी तिच्या मागच्या वर्षभराच्या पोस्ट खाली सरकवत बघा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती केल्या असतील तर विचार करा. २०२५ च्या कायद्यानं अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली आहे, आणि उद्या खात्यावर कारवाई झाली तर तुमची जाहिरातही तिथंच थांबेल.

कायद्याचं बाकीचं थोडक्यात. पैसे किंवा फुकट माल घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे आणि ती जाहिरात असल्याचं दिसलं पाहिजे. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे ॲस्कीचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत खूण निदान तीन सेकंद, पंधरा सेकंदांच्या वर आणि दोन मिनिटांच्या आत असेल तर एक तृतीयांश वेळ दिसायला हवी, आणि ती जाहिरातीच्या भाषेत चालते. म्हणून ठळक 'जाहिरात' असं लिहा, हॅशटॅगांच्या ढिगात लपवू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि शिफारस करणाऱ्याला एक ते तीन वर्षं शिफारस करण्यापासून रोखू शकतं. तुमच्या बाबतीत धोका एकाच ठिकाणी आहे: बोलता बोलता ती 'या चटणीनं पित्त होत नाही', 'वजन उतरतं' असं काही बोलून जाईल. असं वाक्य आलं तर कापून टाका. पाकिटावरचा एफएसएसएआय क्रमांक व्हिडिओत दिसला तर उत्तम. धंद्यासाठी दिलेल्या भेटवस्तूंवर कापून भरायचा टीडीएस, जो १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० च्या वरच्या भेटींवर आला, तो चटणीच्या चार पाकिटांना लागत नाही. इन्फ्लुएन्सरला साज किंवा चांदीचा ऐवज देऊन टाकणाऱ्या सराफांनी मात्र आपल्या सीएंना जरूर विचारावं.

चप्पलवाले मला हाच प्रश्न विचारतात, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या ब्रँडच्या कोल्हापुरीसारख्या पायताणावरून जो गदारोळ झाला त्यानंतर तर फारच. त्यांना माझं उत्तर वेगळं असतं. चटणीला कोल्हापूरचा चेहरा लागतो, चपलेला बाहेरच्या माणसाच्या पायात ती कशी दिसते ते दाखवणारा चेहरा लागतो, म्हणून दिल्ली-बेंगळुरूच्या कपड्यांविषयी बोलणाऱ्या क्रिएटर जास्त उपयोगी. आणि २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे रेक्झिनच्या चपलेला 'अस्सल कोल्हापुरी' म्हणवून घेणं सोडा.

वेळेचं म्हणाल तर दिवाळीच्या तोंडावर पहिल्यांदा सुरू करू नका. त्या आठवड्यांत मोठे ब्रँड जाहिरातीच्या जागेसाठी लिलावासारखी बोली चढवतात आणि तोच खर्च कमी लोकांपर्यंत पोचतो. गणपती संपल्यावर किंवा त्याच्याही आधी चाचणी उरकून घ्या, म्हणजे दिवाळीत कोणता व्हिडिओ चालवायचा हे ठरलेलं असेल. फ्रिक्वेन्सीचा आकडा, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली ते, बघत राहा. तीच माणसं तीच जाहिरात पुन्हा पुन्हा बघू लागली आणि ऑर्डरचा दर चढू लागला की व्हिडिओची सुरुवात बदला.

राहता राहिली एजन्सी. ताई, १८,००० च्या खर्चावर एजन्सीची मासिक फी तुम्हाला परवडत नाही, वरचा हिशोब पुन्हा बघा. घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल तर त्याच्याकडून पहिले तीन महिने हे करून घ्या. एवढं काम शिकून होण्यासारखं आहे. खर्च वाढल्यावर एजन्सी घ्यायची झालीच, तर ॲड अकाउंट, पिक्सेल आणि पेज तुमच्या स्वतःच्या बिझनेस पोर्टफोलिओत, तुमच्या कार्डावर राहू द्या आणि त्यांना फक्त पार्टनर म्हणून प्रवेश द्या. इन्फ्लुएन्सरचा करारही तुमच्या आणि तिच्या नावावर असू द्या, मधल्या माणसाच्या नावावर नको. याला जी एजन्सी तयार नसेल तिला नाही म्हणा.